काळी पाचमधली मी

निवडणुकीच्या धामधुमीतल्या एका रविवारी सकाळी, माझ्याकडे गेली बारा वर्षे शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला पावणेदोन मिनिटांची एक ऑडिओ क्लिप पाठवली आणि खाली एवढेच लिहिले : "ताई, हे तुम्ही कधी गायलात?" मी ती लावली. आधी टाळ वाजले, मग पखवाज, मग एक लांबलेला आकार आला आणि त्या आकारातून मी गाऊ लागले. अभंगाच्या वळणाच्या चालीवर शहरातल्या एका उमेदवाराची महती सांगणारे ते प्रचारगीत होते. रस्त्यांचे काँक्रिटीकरण, नव्या नळजोडण्या आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी बसवलेली बाकडी यांचे वर्णन विठ्ठलाच्या रूपवर्णनाच्या थाटात केलेले होते, आणि ते मी अगदी मनापासून, ध्रुवपदावर परतताना माझ्या सवयीप्रमाणे पंचमावर किंचित रेंगाळून, गात होते.

पहिली शंका मला माझ्याच स्मरणशक्तीची आली. चाळीस वर्षांत किती गाणी म्हटली याचा हिशेब मी ठेवलेला नाही, आणि एकसष्टाव्या वर्षी एखादे ध्वनिमुद्रण विसरले जाणे अशक्य नाही. स्वयंपाकघरातून यजमान चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "कुठली जुनी कॅसेट काढलीस? छान लागलाय आवाज." पस्तीस वर्षे माझा रियाज भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या माणसाला जर शंका आली नाही, तर ती कोणाला येणार होती?

उत्तर पेटीने दिले. मी पेटी ओढून षड्ज, म्हणजे गाण्याचा आधारस्वर सा, शोधला तर तो काळी पाचवर, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर, लागला. मी गेली सात वर्षे त्याहून खालच्या काळी चारमध्ये गाते. वयाबरोबर गळा खाली येतो, तार सप्तकातला मध्यम पूर्वीसारखा मोकळा लागत नाही, आणि एका कार्यक्रमात तो फाटल्यावर मी मुकाट्याने सुराची पट्टी बदलली. क्लिपमधली बाई मात्र तार मध्यमाला निःशंक भिडत होती. रस्ते आणि नळजोडण्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या होत्या आणि गळा तीस वर्षांपूर्वीचा होता. कालगणनेतली ती चूक हाती आली नसती, तर हे गाणे मी कधी तरी गायले असावे अशी समजूत मी स्वतःची घालून घेतली असती, हे मला आज कबूल केले पाहिजे.

ते गाणे यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमने, माझ्या जुन्या आवाजात घडवलेले होते. अशा वेळी लोक गायकाचे सांत्वन करण्यासाठी म्हणतात की यंत्राला भाव कळत नाही, त्याच्या गाण्यात जीव नसतो. माझे सांत्वन त्याने झाले नाही, कारण त्या गाण्यात जीव नव्हता असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. सुराला ते पक्के होते, लयीला सहज होते. ते वाईट असते तर मला हसू आले असते. माझी तक्रार निराळी आहे. ते गाणे मी नाकारलेले होते. नेमके तेच नव्हे, पण त्या जातीचे प्रत्येक गाणे. नव्वदच्या दशकात एका प्रचारगीतासाठी मला महिनाभराच्या शिकवण्यांइतके पैसे देऊ केले गेले होते आणि घरी पैशांची नड असताना मी नाही म्हटले होते. गुटख्याची जाहिरात, दारूची जाहिरात आणि कोणत्याही पक्षाचा प्रचार यांसाठी गायचे नाही, हा माझा नियम घरच्यांना, वादकांना आणि संयोजकांना ठाऊक आहे. तो फार थोर नियम आहे असे मी मानत नाही. परंतु विठ्ठलाचे नाव ज्या गळ्याने घ्यायचे त्याच गळ्याने उमेदवाराचे नाव घ्यायचे नाही, ही माझी अट होती, आणि माझ्यासारख्या बेताच्या प्रसिद्धीच्या गायिकेजवळ स्वतःची म्हणावी अशी जी थोडी मालमत्ता असते तिच्यात असा नकारच मोठा असतो. त्या पावणेदोन मिनिटांत यंत्राने माझ्या आवाजाची नक्कल केली हे खरे, परंतु मला जास्त लागले ते हे की माझ्या नकाराला काही अर्थच उरला नाही.

गाणे नाकारण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे ध्वनिमुद्रिकेवर आज ऐकायला मिळत नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांनी मोजक्याच ध्वनिमुद्रिका दिल्या, चोरून कोणी गाणे टिपून घेतो आहे असा संशय आला तरी त्यांना ते खपत नसे, आणि साठच्या दशकात त्यांनी जाहीर मैफली बंद केल्या. कोणासाठी, कुठे, कधीपर्यंत गायचे याचा निर्णय त्यांच्या हातात होता आणि तो त्यांच्या गाण्याचाच भाग होता. नियतीची गंमत अशी की 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर भारतीय संगीत म्हणून केसरबाईंचीच साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. माणसाच्या आवाजाने गाठलेला तो कदाचित सर्वांत दूरचा पल्ला असेल. परंतु ती भैरवी त्या खरोखर गायल्या होत्या, तबकडीला आवाज देण्यासाठी त्या स्वतः बसल्या होत्या, आणि तो सूर पृथ्वीपासून कितीही लांब गेला तरी त्याच्या मुळाशी त्यांचा होकार आहे.

आता हे यंत्र करते काय, ते मला जेवढे समजले तेवढे सांगते, कारण ते समजल्याखेरीज माझी पुढची अडचण ध्यानात येणार नाही. माझ्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या भक्तिगीतांच्या कॅसेटी कोणीकोणी इंटरनेटवर चढवलेल्या आहेत. पूर्वी मिश्रण झालेल्या गाण्यातून गायकाचा गळा वेगळा काढणे अशक्य होते. आता साथीची वाद्ये बाजूला सारून फक्त आवाज सोलून काढणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. असा दहा-वीस मिनिटांचा स्वच्छ आवाज हाताशी आला की दुसरा प्रोग्रॅम त्याचा पोत शिकतो. पोत म्हणजे एकाच पट्टीत, एकाच स्वरावर, एकच अक्षर म्हणणाऱ्या दोन बायकांना आपण ज्यामुळे वेगवेगळे ओळखतो तो गुण. त्यानंतर तिसरीच कोणी तरी व्यक्ती नवे गाणे गाते, आणि तिच्या गाण्यातले शब्द, सुरावट, लय आणि श्वास तसेच ठेवून त्यावर माझ्या आवाजाचा पोत चढवला जातो. निव्वळ लिखित शब्दांवरून अख्खे गाणे रचून देणारी यंत्रेही आहेत, परंतु एखाद्या ठरावीक माणसाच्या गळ्यातले हुबेहूब गाणे हवे असेल तर 2023 पासून सर्वत्र पसरलेली ही पोत बदलण्याची रीतच बहुधा वापरली जाते.

म्हणजे माझ्या गाण्याखाली एक गाणे होते. हे समजल्यावर मी ती क्लिप पुन्हा ऐकली, आणि या वेळी स्वतःचा आवाज सोडून बाकीच्या गोष्टींकडे लक्ष दिले. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत एका शब्दाच्या मधोमध श्वास घेतलेला होता. माझ्या गुरूंनी त्या एका चुकीसाठी मला आठ-आठ दिवस तीच ओळ म्हणायला लावली असती. "चांगला" या शब्दातला च तालव्य होता, "चमचा"मधल्या चसारखा नव्हे, "चिंच"मधल्या चसारखा, म्हणजे गाणारी बहुधा घरात मराठी न बोलणारी असावी. तरी ळ स्वच्छ होता, त्यावर मेहनत घेतलेली दिसत होती. आणि अंतऱ्यावरून ध्रुवपदावर परतताना गांधारापासून खाली येणारी एक छोटी मुरकी, म्हणजे स्वरांची झटकन घेतलेली गिरकी, होती, इतकी चपळ आणि नेटकी की ती माझी नव्हती हे मला लगेच कळले. माझा गळा तसा कधीच फिरला नाही. कोणत्या तरी स्टुडिओत एक तरुण मुलगी हेडफोन लावून उभी राहिली होती, तिने ते गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले होते, आणि मग तिच्यावर मला पांघरले गेले होते.

इथे मला माझ्या स्वतःच्या जुन्या दिवसांबद्दल लिहिले पाहिजे, नाही तर हा सगळा लेख लबाडीचा होईल. 1984 ते 1991 ही सात वर्षे मी ठाणे-मुंबईच्या ऑर्केस्ट्रांमधून लताबाईंची गाणी म्हणत असे. गणेशोत्सवाच्या मांडवांत आणि नाट्यगृहांत निवेदक मला "प्रतिलता" म्हणून पुकारीत आणि मी खाली मान घालून नमस्कार करीत असे. प्रतिलता त्या काळी गल्लोगल्ली होत्या. तो आवाज लावण्यासाठी मी माझा मूळचा थोडा जाड, खर्जाकडे झुकणारा गळा बारीक करायला शिकले, छातीतून येणारा आवाज मागे ठेवून तो वर, नाकाच्या मुळाशी आणायला शिकले, आणि त्यांच्या श्वासाच्या जागा पाठ केल्या. लताबाईंनी मला परवानगी दिलेली नव्हती आणि ती मागावी असे माझ्या मनातही कधी आले नव्हते. त्या गाण्यांवर माझ्या धाकट्या भावाचे शिक्षण झाले.

ऑर्केस्ट्रात निदान फसवणूक नव्हती. मांडवातल्या एकाही माणसाला लता मंगेशकर आपल्या गल्लीत आल्या आहेत असे वाटत नसे, कारण साधी साडी नेसलेली, घामाघूम झालेली मी समोर उभी दिसत असे. कॅसेटींचे तसे नव्हते. जुन्या चित्रपटगीतांच्या नव्या गळ्यांतून केलेल्या आवृत्त्या, ज्यांना आम्ही व्हर्जन म्हणत असू, त्यांचा त्या वेळी पूर आला होता, आणि कायद्यातही अशा आवृत्त्यांसाठी वाट होती. एका दिवसात आम्ही आठ-आठ गाणी उरकत असू. गाण्याला दीडशे रुपये मिळत. कॅसेटच्या वेष्टनावर नायक-नायिकांची चित्रे, गाण्यांची नावे ठळक, आणि आमची नावे असलीच तर तळाशी, भिंगातून वाचावी लागतील अशा बारीक अक्षरांत. दुकानातून ती कॅसेट स्वस्तात घेणाऱ्या कित्येकांना घरी जाऊन लावीपर्यंत गळा दुसऱ्याचा आहे हे कळत नसे, आणि कित्येकांना नंतरही कळत नसे. त्या फसवणुकीत माझा दीडशे रुपयांचा वाटा होता. 2012 साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे अशा आवृत्त्या काढता येणार नाहीत असे बंधन आले आणि वेष्टनावर मूळ गायकाचे नाव किंवा चित्र देऊन लोकांचा गैरसमज करता येणार नाही असे स्पष्टपणे लिहिले गेले. तोपर्यंत कॅसेटचा जमानाच संपलेला होता.

तर मग मी तक्रार कोणत्या तोंडाने करायची, हा प्रश्न मला गेले काही महिने सतावतो आहे. आपल्या संगीताचे शिक्षणच नक्कल करण्यातून होते. गुरू गातात, शिष्य तसेच म्हणायचा प्रयत्न करतो, आणि वर्षानुवर्षे ते चालते. कुमार गंधर्व सात-आठ वर्षांचे असताना थोरथोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवीत आणि लोक थक्क होत. पुढे मुंबईला देवधर मास्तरांकडे ते शिकले, क्षयाने त्यांचे एक फुप्फुस निकामी केले, देवासला कित्येक वर्षे गाणे बंद राहिले, आणि त्यानंतर जे गाणे आले त्यात दमसास लांबवण्याऐवजी छोट्या, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांचा असा काही थाट होता की ते दुसऱ्या कोणाचे असूच शकत नव्हते. बालगंधर्वांवर त्यांनी पुढे जो कार्यक्रम केला त्याला नाव दिले "मला उमजलेले बालगंधर्व". लहानपणी ज्यांना कोणाचीही हुबेहूब नक्कल साधत होती, त्यांनी मोठेपणी बालगंधर्वांची नक्कल करून दाखवली नाही, आपल्याला काय उमजले तेवढे स्वतःच्या गळ्यातून मांडले. त्या एका "मला" शब्दावर मी वर्गात पाऊण तास बोलू शकते आणि पुष्कळदा बोलतेही.

माझ्या बाबतीत असे काही भव्य घडले नाही. परंतु सात वर्षे लताबाईंसारखे गाण्याचा प्रयत्न करताना तो जिथे जिथे फसत गेला, जिथे माझा जाड गळा काही केल्या बारीक झाला नाही, तिथे तिथे माझा आवाज मला सापडला. पहिल्या भक्तिगीतांच्या कॅसेटवर मी पंचमावर रेंगाळते ती जागा म्हणजे खरे तर एक फसलेली नक्कल आहे. माणूस नक्कल करतो तेव्हा त्याचे स्वतःचे शरीर त्याला आडवे येते. यंत्राला आडवे येणारे काही नसते, म्हणून त्याच्या नक्कलेत नक्कल करणारा उरत नाही. त्या मुलीचा गळा, तिच्या घशातली जी काही खरखर किंवा गोडवा असेल तो, पूर्ण पुसला गेला आहे. मी निदान दीडशे रुपयांत माझ्या गळ्याने गात होते आणि तळाशी का होईना, कधी कधी माझे नाव असे.

याच्याशी मिळताजुळता एक खटला अमेरिकेत फार पूर्वी झाला आहे. बेट मिडलर या गायिकेला फोर्ड मोटार कंपनीच्या जाहिरातीसाठी तिचेच एक गाणे गाण्याची विचारणा झाली आणि तिच्या वतीने नकार गेला. तेव्हा जाहिरात करणाऱ्यांनी, मिडलरमागे वर्षानुवर्षे साथीला गाणाऱ्या उला हेडविग हिला बोलावले आणि शक्य तितके मिडलरसारखे गा असे सांगितले. गाण्याच्या हक्काची परवानगी त्यांनी रीतसर मिळवलेली होती. मिडलरचे नाव किंवा चित्र त्यांनी कुठेही वापरले नव्हते. तरीही 1988 साली अपील न्यायालयाने मिडलरच्या बाजूने निर्णय दिला आणि चेहरा जितका माणसाचा स्वतःचा असतो तितकाच आवाजही असतो असे मानले, आणि पुढे ज्यूरीने तिला चार लाख डॉलरची भरपाई दिली. हा खटला वाचताना मी आधी अर्थातच मिडलरच्या जागी स्वतःला पाहिले. दुसऱ्यांदा वाचताना मला उला हेडविग दिसू लागली. तिने काम केले होते, सांगितले तसे केले होते. पण निदान खटल्याच्या कागदपत्रांत तरी तिचे नाव आहे.

आपल्याकडे गेल्या दोन-तीन वर्षांत न्यायालये जागी झाली आहेत. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंह यांच्या दाव्यात अंतरिम आदेश देताना, गायकाच्या परवानगीवाचून कोणताही आवाज त्याच्या आवाजात बदलून देणारी साधने उपलब्ध करून देणे हाच त्याच्या व्यक्तिमत्त्वावरील हक्काचा भंग आहे असे म्हटले. सप्टेंबर 2025 मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने तसेच संरक्षण दिले. आशाताईंसारख्या गायिकेला, जिचा आवाज तीन पिढ्या झोपेतही ओळखतील, हा आवाज माझा आहे हे न्यायालयात जाऊन सांगावे लागते, याची मला त्या वेळी मोठी खंत वाटली होती, आणि आता थोडा हेवाही वाटतो. हे हक्क प्रसिद्धीच्या पायावर उभे आहेत. डोंबिवली ते चिपळूण या पट्ट्यात, एकादशीच्या कार्यक्रमांना येणाऱ्या पन्नाशीपुढच्या श्रोत्यांत मला ओळखतात, एवढी प्रसिद्धी त्या पायाला पुरेल का, असे मी एका परिचित वकिलांना विचारले. त्यांनी पुष्कळ विचार करून, खर्चाचा आकडा आधी सांगितला.

कॉपीराइट कायद्याचे तर अधिकच विचित्र आहे. 1994 पासून त्यात सादरीकरण करणाऱ्या कलावंताचे हक्क आहेत. माझ्या सादरीकरणावर पन्नास वर्षे माझा हक्क राहतो, आणि 2012 पासून माझ्या गाण्याची मोडतोड करून माझी अपकीर्ती केली तर ती रोखण्याचा नैतिक हक्कही मला आहे. परंतु हे सगळे हक्क गायलेल्या गाण्याचे आहेत. ते प्रचारगीत मी गायले असते तर त्याचे मानधन, माझे नाव, त्याचा गैरवापर, या सगळ्यांवर मला बोट ठेवता आले असते. मी ते गायले नाही, त्यामुळे कायद्याच्या भाषेत तिथे माझे सादरीकरणच नाही. कॅसेटींमधून माझा आवाज सोलून काढला त्या पायरीवर काही करता येईल असे वकील म्हणतात, पण तो कोणी, कोणत्या यंत्रावर, कुठे काढला हे आधी सिद्ध करायला हवे.

गेलेल्या गायकांचा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. 2024च्या आरंभी ए. आर. रहमान यांनी एका तमिळ गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने पुन्हा घडवले. त्यांनी कुटुंबीयांची परवानगी घेतली होती आणि मानधनही दिले होते. त्याच सुमारास एका तेलुगू चित्रपटात एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज न विचारता वापरल्याबद्दल त्यांच्या मुलाने निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली. पहिल्यांनी रीत पाळली, दुसऱ्यांनी पाळली नाही, हे उघड आहे. तरी माझे मन पहिल्या उदाहरणापाशी अडते. चाल ऐकून, शब्द वाचून, हे मला शोभणार नाही असे म्हणण्याची सोय त्या दोघांना नव्हती. माझ्या मागे माझी मुलगी माझ्या वतीने होकार देऊ शकेल, आणि ती गुणी आहे, पण मी कोणत्या गाण्याला नाही म्हटले असते हे तिला कसे ठाऊक असणार? ते पुष्कळदा मलाही आयत्या वेळी, तंबोरा जुळल्यावर कळते. म्हणून गेल्या महिन्यात मी साध्या कागदावर लिहून ठेवले आहे की माझ्या पश्चात माझ्या आवाजात नवे काही गाऊ नये. त्या कागदाला न्यायालयात काय किंमत आहे हे पाहायला मी नसेन. उलट ग्राइम्स या कॅनडाच्या गायिकेने 2023 साली आपला आवाज सगळ्यांना खुला केला आणि त्यातून झालेल्या गाण्यांची निम्मी रॉयल्टी मागितली. तिने तो निर्णय घेतला, तिची इच्छा. मला तिच्याइतका मोकळेपणा जमणार नाही, आणि जमलाच पाहिजे असेही नाही.

प्रत्यक्षात मी काय केले ते फारसे वीरश्रीचे नाही. मी प्रचार कार्यालयाचा क्रमांक मिळवला आणि फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत अदबीने मला ओळख दिली, त्यांच्या आई माझी भजने रोज पहाटे लावतात असेही सांगितले. मी विषय काढल्यावर ते म्हणाले, "ताई, तो तुमचा आवाज नाही. तुमच्यासारखा आहे." चाळीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटच्या दुकानात गिऱ्हाईकाने तक्रार केली असती तर दुकानदाराने हेच वाक्य म्हटले असते. मी गाणे काढून टाकण्याची विनंती केली. ते दोन दिवसांत काढतो म्हणाले, आणि दोन दिवसांनी मतदानच होते. त्यानंतर ते रिक्षांवरून वाजायचे थांबले, पण फोनांमधून अजून फिरते आहे. एकादशीला एका श्रोत्याने मला विचारले की मी आता त्या पक्षात आहे का. मी नाही म्हटले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना ते पटले असे वाटले नाही. तोपर्यंत मी नाही म्हटले की लोकांना ते खरे वाटत असे.

त्या फोनवर शेवटी मी विचारले होते की मुळात ते गाणे म्हटले कोणी. गृहस्थ गोंधळले. बहुधा हा प्रश्न त्यांना अजून कोणी विचारला नसावा. कोणी तरी एक मुलगी होती, स्टुडिओवाल्याने आणली होती, नाव माहीत नाही, एवढे त्यांनी सांगितले. सव्वाशे वर्षांपूर्वी, 1902 साली गायिका गौहर जान कोलकात्यात तबकडीसाठी गायल्या तेव्हा गाणे संपताच त्यांनी इंग्रजीत आपले नाव उच्चारले होते. जर्मनीतल्या हॅनोवरमध्ये तबकड्या दाबणाऱ्या तंत्रज्ञांना गाणारी कोण हे कळावे म्हणून ती रीत होती. आज ऐकताना ते शेवटचे "माय नेम इज गौहर जान" गाण्याइतकेच ठसक्यात वाटते. ही मुलगी गाणे संपल्यावर नाव सांगून गेली असती तरी त्या नावालाही माझाच आवाज चढवला गेला असता.

परवा वर्गात अभंग शिकवताना अंतऱ्यावरून ध्रुवपदाकडे येत होते आणि गांधारापासून खाली येणारी ती मुरकी माझ्या गळ्यातून आपोआप गेली. काळी चारमध्ये, थोडी जड, शेवटचा स्वर जरा घसरलेला. मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की ती आत बसली असावी. ज्या विद्यार्थिनीने मला ती क्लिप पाठवली होती तिने मान वर केली आणि विचारले, "ताई, ही जागा नवीन आहे. कोणाची?" मी तिला सांगितले की एका मुलीची आहे, तिचे नाव मला ठाऊक नाही, आणि ती माझ्यापेक्षा बरीच चांगली घेते. मग आम्ही ती जागा दहा-बारा वेळा म्हटली. विद्यार्थिनीच्या गळ्यात ती तिसऱ्याच तऱ्हेने बसली.